संगमरवरावरचा डाग

संगमरवरी ओट्यावर लिंबाची फोड पालथी ठेवून विसरलो तो मीच. तिथे पांढुरका, खरखरीत डाग उमटला, तेव्हा बायकोदेखत मी भांडी घासणाऱ्या सुशीलाबाईंवर ओरडलो, "ॲसिड ओतलंत ना?"

"नाही हो दादा, मी नुसत्या ओल्या फडक्यानं पुसते."

त्याच क्षणी ती फोड आठवली, तरी मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत.

आता ओटा मीच पुसतो. एवढा कठीण दगड, पण आंबटाचा थेंब त्याला सोसत नाही. बारा वर्षं त्यांनी तो किती जपला, हे माझ्या हाताला आता कळतं.

काल त्यांच्या दारात जाऊन म्हणालो, "सुशीलाबाई, लिंबू मी ठेवलं होतं. मला तेव्हाच आठवलं होतं. माफ करा."