वाजवून घेतलेली कॅन्डल

माझ्या सासऱ्यांना सगळा बाजार ‘सावकाश’ म्हणतो. तोंडावरही म्हणतो, आणि त्यांना राग येत नाही, कारण हे नाव त्यांनी स्वतःच्याच तोंडाने कमावलंय. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाची पहिली तक्रार ठरलेली असते: फिल्टरमधून पाणी फार हळू पडतं. मग बाबा चष्मा कपाळावर चढवणार आणि विचारणार, “संध्याकाळी भरलं तर सकाळी प्यायला मिळतं ना? मग सावकाश होऊ दे की. घाईने उतरलेलं पाणी आणि घाईने दिलेला शब्द, दोन्ही कच्चे.” लग्न होऊन या घरात आल्यापासून हे वाक्य मी हजार वेळा तरी ऐकलं असेल. आता गिऱ्हाइकाने तोंड उघडलं की मीच ते मनात म्हणून घेते.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, तिला शटर लावलंय एवढंच. त्यात विजेशिवाय चालणाऱ्या पाण्याच्या फिल्टरचं सामान मिळतं. एकावर एक बसणारी दोन स्टीलची भांडी, मोटर नाही की बटण नाही. वरच्या भांड्यात पांढऱ्या मातीच्या दोन पोकळ कांड्या उभ्या असतात. मेणबत्तीसारख्या दिसतात म्हणून सगळे त्यांना कॅन्डल म्हणतात. पाणी त्यांच्या अंगातून झिरपतं, घाण बाहेर राहते आणि स्वच्छ पाणी थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात पडतं. भांडी जन्माला पुरतात. कॅन्डल मात्र दर आठवड्याला घासून घासून झिजते आणि बदलावी लागते. भांडी विकणारे दुकानदार रुबाबात असतात, आम्ही आपले पोटातल्या वस्तू बदलणारे. मी स्कूटर चालवते, बाबा मागे पिशवी मांडीवर घेऊन बसतात, आणि घरोघर जाऊन आम्ही जुनी कॅन्डल काढून नवी बसवून देतो.

कॅन्डल काय, कुठल्याही दुकानात मिळते. पण बाबांकडची कॅन्डल वाजवून मिळते. ते ती डाव्या हातात नुसती तोलून धरायचे आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाने टिचकी मारायचे. चांगली असेल तर टण्ण. केसाएवढा तडा असेल तर थद. तडा गेला की पाणी झिरपायच्या भानगडीत न पडता सरळ खाली उतरतं, आणि गंमत अशी की गिऱ्हाईक खूश होतं, वा, काय भराभर पडतंय! बाबांच्या कानाची ख्याती एवढी की लोक चहाचे कप, फुलदाण्या, बाथरूमच्या फरशा घेऊन यायचे. एकदा एक गृहस्थ होणाऱ्या जावयालाच घेऊन आले होते, “याला जरा वाजवून सांगा” म्हणून. बाबांनी खरोखरच त्याच्या डोक्यावर टिचकी मारली आणि “पोकळ आहे, पण तडा नाही” असा निकाल दिला. लग्न झालं, आणि चांगलं चाललंय.

गेलं वर्षभर बाबा हाकेला ओ देत नव्हते. मागून बोलावलं तर नाहीच नाही. मी चेष्टा करायचे, “काय बाबा, कानात बोळे घातलेत का?” सासूबाई म्हणायच्या, “चाळीस वर्षं माझं कुठे ऐकलंय त्यांनी? तुझी आठच झालीत, तुला सवय नाही.” आम्ही दोघी हसायचो. आज ते हसू आठवलं की मला माझीच लाज वाटते, पण तेव्हा हसलो हे खरं.

मग एके दिवशी मास्तरीणबाईंचा निरोप आला. या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण आवाजातली छडी अजून तशीच. त्यांची चार वर्षांची नात उलट्या-जुलाबांनी चार दिवस दवाखान्यात होती. नुकतीच घरी आली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, पिण्याचं पाणी तपासून घ्या.

आम्ही गेलो. बाबांनी दीड महिन्यापूर्वीच बसवलेल्या दोन्ही कॅन्डल काढल्या, बादलीत बुडवल्या, एकेकीच्या बुडाची नळी तोंडात धरून फुंकर मारली. पहिलीतून काही नाही. दुसरीच्या बुडाला चिकटवलेल्या टोपीजवळून बारीक बुडबुडे निघाले, एकामागोमाग एक, थांबेचनात. म्हणजे तडा.

“बघितलंस?” मास्तरीणबाई सुनेकडे वळल्या. “मी म्हणत नव्हते? दर रविवारी घासायला तूच काढतेस. आपटली असणार कुठेतरी, आणि चकार शब्द काढला नाहीस.”

“नाही हो आई. मी ओट्यावर टॉवेल अंथरून घासते.”

“मग काय आपोआप फुटली? माझी नात चार दिवस सलाइनवर होती!”

“माझी मुलगी आहे ती,” सून म्हणाली, पण शेजारी उभ्या असलेल्या मलाच जेमतेम ऐकू आलं. तिचा नवरा दारात उभा राहून मोबाइल बघत होता. अशा वेळी नवऱ्यांच्या मोबाइलवर नेहमीच फार महत्त्वाचं काहीतरी आलेलं असतं.

बाबांनी फुटकी कॅन्डल फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली. पिशवीतून नव्या काढल्या, पण वाजवल्या नाहीत. अर्धा तास पाण्यात भिजवल्या, फुंकून बघितल्या आणि मगच बसवल्या. मला नवल वाटलं. एका टिचकीत निकाल देणारा माणूस आज अर्धा तास बादलीपाशी उकिडवा का बसलाय?

घरी आल्यावर ते जेवले नाहीत. मी दुकानात डोकावले तर खिडकीच्या उजेडात भिंग घेऊन तीच कॅन्डल न्याहाळत होते. “बाबा” म्हटलं, उत्तर नाही. पुन्हा म्हटलं, नाही. पुढे जाऊन उभी राहिले तेव्हा दचकले. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

“केव्हापासून?” मी विचारलं.

कशाबद्दल विचारतेय हे त्यांना बरोबर कळलं. “उजवा दीड वर्ष. डावा त्याच्या मागोमाग. माणसांची बडबड येते गं ऐकू, समोर असली की. टण्ण आणि थद मात्र सारखंच वाटायला लागलं.”

“मग वाजवत कशाला होतात?”

“लोक समोर उभे असतात ना बघत.”

मला असा संताप आला की काय सांगू. लोकांच्या पाण्याचा प्रश्न, आणि हे नाटक करत होते! पण ते इतके केविलवाणे दिसत होते की तो गिळावा लागला. त्यांनी कॅन्डल माझ्या हातात दिली. “हे बघ. आपटली असती तर जिथे मार बसला तिथला टवका उडाला असता. कुठे टवका दिसतोय? तडा टोपीखालून निघालाय, आणि टोपीचा गोंद तड्यात उतरून सुकलाय. म्हणजे कारखान्यात टोपी चिकटवली तेव्हाच तडा होता. त्या पोरीच्या हातात जायच्या आधी ही माझ्या हातात होती.”

“मग तिथेच का नाही सांगितलंत?”

“तिथे मला नीट दिसलं नाही.” मग भिंग खाली ठेवून म्हणाले, “दिसलं होतं. तोंड उघडलं नाही.”

सासूबाई दारात येऊन ऐकत होत्या. त्यांनी आपलं मत दिलं, “झाकली मूठ सव्वा लाखाची. नवीन बसवून दिलीत ना? मूल घरी आलं ना? मग आता गावभर दवंडी कशाला पिटायची? ऐकू येत नाही म्हटल्यावर कोण येईल या दुकानात?” बाई वाईट नाहीत, आणि बोलल्या ते खोटंही नव्हतं. लोक आमच्याकडे येतात ते त्या बोटासाठी आणि त्या कानासाठी. कान गेला म्हणून कळलं की उरलं काय? चार फळ्या आणि वॉशरचे डबे.

पण मीही कोणाच्या तरी घरची सून आहे. घरात काही फुटलं की सगळ्यांच्या माना आधी कुणीकडे वळतात ते मला चांगलं ठाऊक आहे. मी नवी नवी आले होते तेव्हा सासूबाईंच्या आईची काचेची बरणी माझ्या हातून फुटली होती. मी थिजून उभी होते, आणि बाबा पेपर टाकून उठत म्हणाले होते, “अरेरे, माझाच धक्का लागला.” ते तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसले होते. सासूबाईंनी आठवडाभर त्यांना फैलावर घेतलं आणि त्यांनी निमूट ऐकून घेतलं.

“बाबा,” मी त्यांच्या अगदी समोर बसून म्हटलं, “माझ्या हातून फुटलेली बरणी तुम्ही अंगावर घेतलीत. ही कॅन्डल तर तुमचीच आहे.”

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. बरणीचं त्यांना आठ वर्षांनी कळत होतं. पण कधी नव्हे ते वाद न घालता त्या आत निघून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं कामाला लागलो. त्या दीड वर्षात बसवलेल्या आणि अजून वापरात असलेल्या कॅन्डल आणखी दहा घरी होत्या. कुठल्या घरी कधी काय बसवलं याची बाबांकडे वही असते. घरोघर गेलो, प्रत्येक कॅन्डल काढली. त्यांनी मला धरायचं कसं ते शिकवलं, आवळून धरायची नाही, नाहीतर तिचा आवाज दबतो. मी वाजवायची, ते माझ्या चेहऱ्याकडे बघायचे. दहाही घरी टण्ण. दुकानात खोक्यात उरलेल्यांपैकी एक मात्र थद वाजली आणि मी मान हलवली, तेव्हा ते कोणी गेल्याची बातमी आल्यासारखे मटकन खाली बसले. त्या घरांमधून ते एवढंच सांगत होते की एक कॅन्डल खराब निघाली म्हणून बाकीच्या बघतोय. खरं कारण पहिल्यांदा कुठे सांगायचं ते त्यांचं ठरलं होतं. पण ते घर ते रोज उद्यावर ढकलत होते. तीन दिवस ढकललं. चौथ्या दिवशी मी स्कूटर सुरू केली आणि न विचारता तिकडेच नेली.

मास्तरीणबाईंनी “बसा” म्हटलं. बाबा बसले नाहीत.

“बाई, तुमच्या सुनेने कॅन्डल आपटली नव्हती. ती माझ्याकडूनच तडा गेलेली आली. मला ऐकू येत नाही. दीड वर्ष झालं. वाजवली, काही कळलं नाही, तरी तुम्हाला दिली. चूक माझी.”

ऐकू न येणारी माणसं मोठ्याने बोलतात. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. म्हणजे दवंडी पिटून झालीच.

“एवढी वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला तुमच्यावर,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“हो.”

“माझ्या नातीचं काही बरंवाईट झालं असतं तर?”

“हो,” बाबा पुन्हा म्हणाले. त्यांना किती ऐकू आलं देव जाणे, पण असल्या वाक्यांना कान लागत नाहीत.

मुलगा या वेळी मोबाइल खिशात ठेवून पुढे आला होता. तो म्हणाला, “आम्ही यापुढे दुसरीकडून घेऊ.” मी ते बाबांना समोरून सांगितलं.

“घ्या,” बाबा म्हणाले. “पण वाजवून घ्या.” आणि त्यांनी पिशवीतून दोन कॅन्डल काढल्या, एक चांगली आणि एक ती फुटकी, आणि त्या सुनेपुढे धरल्या. “तुझे कान तरुण आहेत, पोरी. वाजव.” तिने सासूकडे बघितलं, मग घाबरत घाबरत टिचकी मारली. टण्ण. मग दुसरी. थद. घरात सगळ्यांना ऐकू आलं, एका बाबांना सोडून. बाबांनी तड्यात सुकलेला गोंदही दाखवला. मास्तरीणबाईंनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. त्यांनी सुनेची माफीबिफी मागितली नाही, त्या पिंडाच्या माणसांना ते जमत नाही. फक्त खुर्ची तिच्याकडे सरकवून म्हणाल्या, “बस जरा. सकाळपासून उभी आहेस.”

आम्ही बाहेर आलो. मी स्कूटर सुरू केली, बाबा मागे बसले. तेवढ्यात ती सून घाईघाईने फाटकापर्यंत आली. तिने बाबांच्या हातावर हात ठेवला आणि तिच्या त्या नेहमीच्या बारीक आवाजात काहीतरी बोलली. बाबांनी तिच्या ओठांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ती तोवर डोळे पुसत आत पळाली होती.

“काय म्हणाली?” बाबांनी मला विचारलं. “ए, काय म्हणाली ती?”

मी स्कूटर बंद केली, मागे वळले आणि येणारे-जाणारे थांबून बघायला लागतील एवढ्या मोठ्याने भर रस्त्यात ओरडले, “ती म्हणाली, आठ-दहा दिवस घास घशाखाली उतरत नव्हता! आज पोटभर जेवेन म्हणाली, बाबा!”