चतुराचे डोळे

पेणहून मी एक चतुर पाठवला होता. कागदावर काढलेला, स्कॅन केलेला, ई-मेलला जोडलेला. आठवड्याने उत्तर आलं, त्यात एकच प्रश्न होता: ‘तुमचा चतुर माझ्याकडे बघतो आहे. खरा चतुर असा बघतो का?’

मला तो अपमान वाटला. अन्याय दिसला की आधी आवाज चढवायचा आणि मग खुर्ची शोधायची, अशा घरात मी वाढले आहे. रोह्याच्या पलीकडे, अष्टमी गावी, आमच्या पुढच्या खोलीत बाबांचं स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल होतं. कंत्राटी कामगारांची पत्रकं, पाण्याची पत्रकं, हुंड्याविरुद्धची पत्रकं. शाई वाळेपर्यंत ती दोरीवर टांगलेली असत आणि आम्ही त्यांच्याखालून वाकून स्वयंपाकघरात जायचो. पत्रकाची घडी घालायला मी पोळी लाटण्याच्या आधी शिकले. बाबा कुठलंही पत्रक छापण्यापूर्वी विचारायचे, ‘कशासाठी?’ उत्तर एका वाक्यात आलं नाही, तर कागद फुकट घालवायचा नाही.

त्यामुळे छंद या शब्दाबद्दल आमच्या घरात संशय होता. पोट भरलेल्या माणसांची ती करमणूक. माझं चित्रकलेशी नातं होतं, पण ते कामाचं. पेणला आत्याकडे राहून मी एका गणपतीच्या कारखान्यात आखणी शिकत होते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. सगळं रंगकाम झालं की शेवटी डोळे. बारीक कुंचल्याने पापणीची रेघ, मग बुबुळ, आणि बुबुळात तो एक पांढरा ठिपका. ठिपका नेमका बसला की मूर्ती समोरच्या माणसाकडे बघू लागते. श्वास रोखून हे करायचं असतं. मला शिकवणारे काका पन्नाशीचे होते, नात्याचे नव्हेत, आणि माझ्या हातावर त्यांचा अजून विश्वास नव्हता. मोडलेल्या, टाकून दिलेल्या चेहऱ्यांवर माझा सराव चाले.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पेणच्या एसटी स्टँडजवळ एक सायबर कॅफे उघडला होता. नाव कॅफे, पण चहा नाही. दोन संगणक, त्यातल्या एकालाच इंटरनेट. गणपती उरकल्यावर बाबांनी मला एक काम दिलं: भातावर तोंडाला फडकं न बांधता औषध फवारतात, त्याबद्दल पत्रक काढायचं आहे, जरा माहिती बघ. मी कॅफेत गेले. कीटकनाशकाचं इंग्रजी स्पेलिंग अर्धंच टाइप झालं होतं, नुसतं ‘कीटक’ एवढंच, तोवर कॅफेवाल्या दादाने घाईने एंटर दाबलं.

‘अहो, पुरं तर लिहू द्या!’

‘ताई, लाइन लागलीय तोवर बघून घ्या. परत लागंल याची गॅरंटी नाय.’

आणि पडद्यावर एक चित्र उतरायला लागलं. वरून खाली, ओळीओळीने. आधी दोन मिशा. मग डोकं. मग खांद्यासारखं काहीतरी. मग लाइन तुटली आणि उरलेला भुंगा दुसऱ्या दिवसावर गेला.

दुसऱ्या दिवशी मी पत्रकासाठी गेले नाही. त्या भुंग्याचे पाय बघायला गेले.

ते पान कुठल्यातरी थंड देशातली एक बाई चालवत होती. जगभरातले लोक तिथे हाताने केलेले किडे पाठवत. एक बसचालक होता, तो थांब्यावर गाडी उभी असताना क्रोशाने पतंगांचे पंख विणायचा. एक म्हातारे गृहस्थ काडेपेटीच्या काड्यांपासून मुंगळे करायचे आणि दर वेळी लिहायचे, ‘हा मागच्यापेक्षा बरा झाला.’ एका मुलीने चादरीच्या तुकड्यावर टोळ भरला होता आणि त्याचा एक पाय दोरा संपला म्हणून वेगळ्या रंगाचा होता. कुणी कुणाला काही विकत नव्हतं. कसलीही मागणी नव्हती. मी पत्रकांत वाढलेली मुलगी. मागणीशिवाय माणसं एकत्र येतात हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि कशासाठी येतात ते मला कळत नव्हतं. पण मला त्यांच्यात असावंसं वाटू लागलं. माझा एक तरी किडा त्या पानावर लागावा, एवढीच इच्छा होती, आणि ती मी बाबांपासून लपवली.

म्हणून चतुर काढला. खाडीकडच्या खाचरांवर आश्विनात ते ढिगाने उडतात, लहानपणी किती पकडले. पंख छान जमले. शेपटीची पेरं जमली. शेवटी, सवयीप्रमाणे, श्वास रोखून डोळे.

आणि आता त्या बाईचा हा प्रश्न.

मी कॅफेतच बसून उत्तर लिहिलं. इंग्रजी मोडकंतोडकं, पण बाणा पक्का. चार मुद्दे, प्रत्येकाला क्रमांक. आमच्या गावचे डोळे देशोदेशी जातात. डोळा कसा काढायचा हे आम्हाला तुम्ही शिकवू नये. थंड देशांनी उष्ण देशांच्या किड्यांवर निकाल देणं बंद करावं. चौथा मुद्दा आता आठवत नाही. चार असलेले बरे दिसतात म्हणून तो घातला असणार. शेवटी लिहिलं, ‘आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत.’ ‘आम्ही’ म्हणजे मी एकटीच. दादाने मागून वाचलं.

‘ताई, मोर्चा हाय का?’

‘पाठवा तुम्ही.’

पाठवलं. त्याच तोऱ्यात कारखान्यात आले आणि काकांना चित्र दाखवलं. त्यांनी हात पुसले, कागद खिडकीकडे धरला.

‘ब्येस. बघतंय.’

‘बघा! आणि ती बाई म्हणते...’

‘पण तुझ्याकडं कशाला बघंल गो तो?’ काका म्हणाले. ‘तो चिलटांच्या मागं. तू कोण त्याची?’

‘काका, तुम्ही पण?’

‘मी गणपतीचा डोळा जाणतो. चतुराचा कधी बघितला नाय. तू बघितलास?’

बघितला नव्हता. शेकड्याने चतुर पकडले होते, शेपटीला दोरा बांधला होता, पण त्याच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

मागच्या फळीवर, माळेच्या मण्यांच्या डब्यामागे एक मेलेला चतुर सापडला, मातीच्या धुळीने माखलेला. कुंचल्याने झाडला, काडेपेटीत घालून शनिवारी अष्टमीला नेला. बाबांकडे छपाईतले ठिपके तपासायचं भिंग होतं. ते बाहेर गेल्यावर मी चतुराला टेबलावर ठेवून त्यावर भिंग धरलं.

बुबुळ नव्हतं. पांढरा भागही नव्हता. डोकं जवळजवळ सगळं डोळेच होतं, आणि डोळे म्हणजे बारीक बारीक ठिपके, एकाला एक लागून, वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली दिसतो तसे. कुठलाच ठिपका दुसऱ्यापेक्षा महत्त्वाचा नव्हता. मी सरळ बघितलं, डावीकडून बघितलं, उलटा करून बघितला. तो कुठे बघत असेल ते सांगताच येत नव्हतं. बहुतेक एकाच वेळी सगळीकडे.

त्या बाईने निकाल दिला नव्हता. तिने विचारलं होतं. प्रश्नाचा आणि आरोपाचा फरक मला कळला नव्हता, आणि मी त्या प्रश्नाला चार मुद्दे चिकटवून पाठवले होते.

भिंग गुपचूप पेणला आणलं आणि पुढचे दिवस मी नुसते डोळे काढले. हात ऐकेना. ठिपके भरत आणलेले असायचे आणि कुंचला आपोआप तो पांढरा बिंदू ठेवून जायचा. की लगेच चतुर शहाण्यासारखा माझ्याकडे बघायचा. कागदांमागून कागद गेले. शेवटी एकदाचं जमलं. भिंगाखाली त्या मेलेल्या चतुराच्या दोन डोळ्यांच्या मध्ये, कपाळावर, तीन चकचकीत बारीक मणी दिसत होते. ते काय आहेत ते मला ठाऊक नव्हतं. धूळ चिकटली असेल म्हणून ओल्या कापसाने पुसून बघितलं. गेले नाहीत. दिसतात तर काढावेत, म्हणून काढले.

मग कॅफेत जायची हिंमत होईना. त्या पत्रानंतर त्यांनी मला कशाला जवळ करावं? स्टँडवर उतरून दोनदा मी समोरून निघून गेले. तिसऱ्यांदा दादानेच हाक मारली, ‘ताई, तुमच्या मोर्चाला उत्तर आलंय!’

उत्तर लहान होतं. तिने लिहिलं होतं की माझ्यासाठी पानावर जागा ठेवली आहे. मी पान उघडलं. म्हाताऱ्यांचा मुंगळा, त्याखाली पतंगाचा पंख, आणि त्याखाली एक रिकामी चौकट: ‘पेणहून एक चतुर येतो आहे.’

मी तीन शब्दांत माफी मागितली. आयुष्यात लिहिलेला सर्वांत छोटा मजकूर. नवं चित्र जोडलं. दोनदा लाइन तुटली, तिसऱ्यांदा गेलं.

दिवाळीच्या आधी चतुर चौकटीत लागला होता. खाली बसचालकाने लिहिलं होतं: ‘मधले तीनही डोळे काढलेत! बहुतेक लोकांना ते दिसतच नाहीत.’

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मणी नव्हते, धूळ नव्हती. डोळे. दोन ठाऊक असताना मी पाच काढले होते. छापून घ्यायला कॅफेत प्रिंटर नव्हता, म्हणून वहीत उतरवून घेतलं आणि धावत कारखान्यात गेले.

‘काका, चतुराला पाच डोळे असतात! भिंगातून मी बघितलेत!’

काका लक्ष्मीच्या भुवया काढत होते. त्यांचा कुंचला थांबला.

‘पाच?’ ते म्हणाले. ‘बरं झालं गो, आपल्याकडं त्याची ऑर्डर नाय येत.’ मग कुंचला पाण्यात बुडवून, ‘कुठं हाय तो? आन बघू. भिंग पण आन.’