खारे शेंगदाणे आणि गौरीचा पहिला नंबर

चहा घ्या, पण मला मधेच थांबवू नका, न्हायतर पुन्हा सांगायची हिंमत व्हायची न्हाय. शेजाऱ्याच्या घरात नाक खुपसायची मला सवय आहे, हे मी कधी लपवलं नाही. पण त्या नाकापायी एका लेकराचं काय करून ठेवलं, ते ऐका.

परंड्यात आमच्या भिंतीला भिंत लागून सुनंदाचं घर. तिची गौरी पाचवीला. पळायला लागली की वारा! पण दुसरी आली की त्या दिवशी जेवायची न्हाय. लंगडीत बाद झाली तरी भिंतीकडं तोंड करून बसायची. शेवटी गल्लीतल्या पोरांनी तिला खेळायला बोलवायचंच सोडलं.

एकदा सुनंदा माझ्या ओट्यावर बसून डोळ्याला पदर लावत म्हणाली, "काकू, हिला नुसतं मजेपायी खेळता आलं असतं, तर लई बरं झालं असतं."

झालं. मला एवढंच पाहिजे असतं.

आता माझी अक्कल बघा. माझ्या धाकट्या दिराला लहानपणी गुळाचं लई वेड. सासूबाईंनी एक दिवस अख्खी ढेप पुढं ठेवली अन् म्हणाल्या, खा किती खातो ते. तेव्हापासून गूळ म्हटलं की तो तोंड फिरवतो. मग गौरीचं तेच करावं की! जिंकून जिंकून वीट आला, म्हणजे आपोआप मजेपायी खेळंल. सातवी शिकलेल्या बाईला याहून मोठा विचार कुठून सुचायचा?

गल्लीतली पोरं गोळा केली अन् सांगितलं, गौरीला खेळायला घ्या. तिच्यासंगं पळताना जो हरंल, त्याला मूठभर खारे शेंगदाणे. आणि हे तिला कळू द्यायचं न्हाय.

अहो, पोरांनी हरायचा असा काही सपाटा लावला! शर्यत हापशापासून मारुतीच्या देवळापर्यंत. एक जण निम्म्यातच देवळाकडं बघून हात जोडून उभा. एक पोरगी चपलेचा पट्टा लावायला खाली बसली, आणि पायात चप्पलच न्हाय. एकाला तर सुरुवात व्हायच्या आधीच चमक भरली.

चार दिवस गौरी खूश. पोटभर जेवली. मी भिंतीपल्याडून तिचं हसणं ऐकायची आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायची.

पाचव्या दिवशी ती माझ्या दारात आली. "काकू, तुमी पोरांना काय सांगितलं का?"

"मी? आई तुळजाभवानीची शपथ, एक शब्द न्हाय."

शब्द तोंडातून निघाला न निघाला, तोच समोरचा पिंटू आला. सहा वर्षांचं पोर. मळका हात पुढं करून म्हणालं, "काकू, आज म्या दोनदा हरलो. दोन मुठी द्या."

गौरीनं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. रडली न्हाय. रडली असती तर मी जवळ तरी घेतलं असतं. गुमान घरी गेली.

पुढं महिन्याभरानं तालुक्याची शर्यत झाली. गौरी पहिली आली. सुनंदा गल्लीभर पेढे वाटत फिरली. मी धावत गेले, तर पोरगी पदक मुठीत धरून उंबऱ्यावर बसलेली. हळूच म्हणाली, "काकू, त्या पोरींना काय दिलं होतं?"

मी तिच्याजवळ खाली टेकले. "गौरे, त्या बाहेरगावच्या पोरी. मी एकीलाबी ओळखत न्हाय. तुळजाभवानीची शपथ."

"तवाबी तिचीच शपथ घेतली होती तुमी."

देवीनं तरी माझी बाजू कशी घ्यावी?

गौरी अजून पळते. पण पहिली आली काय अन् शेवटची आली काय, तोंड सारखंच. पदक कुठं ठेवलं ते तिलाही सांगता येत न्हाय. वेळेवर जेवते, कोपऱ्यात बसत न्हाय. सुनंदाला वाटतं, पोरगी सुधारली. सगळ्या परंड्याला सांगत फिरते, आमच्या काकूंनी हिला मजेपायी खेळायला शिकवलं. मी मान खाली घालून चहा पिते.

परवा मागच्या आळीतली एक बाई तिच्या पोरीला घेऊन आली. म्हणाली, "काकू, हीबी हरली की जेवत न्हाय. गौरीला शिकवलं तसं हिलाबी शिकवा."

मी म्हणाले, "बाई, माझ्याकडचे शेंगदाणे संपलेत."