जुन्या वेलींची पारख

नैवेद्याचा स्वयंपाक करताना चव पाहायची नाही. देवाआधी अन्न उष्टे होऊ नये, हा आमच्या घरचा नियम. पत्नीच्या पश्चात सुरतेच्या डिंडोलीतल्या या दोन खोल्यांत तो मी एकटाच पाळत आलो आहे. त्यामुळे त्या गुरुवारी वरणात मीठ पडलेच नाही, हे मला नैवेद्य दाखवून झाल्यावर, पहिला घास घेतला तेव्हा कळले. समोर बसलेला धाकटा भाऊ मात्र शांतपणे जेवत होता.

"वरण झकास झालंय हं, दादा."

मीठ घ्यायला उठलो असतो, तर वरण अळणी आहे हे त्याला कळले असते. मी तसाच जेवलो.

भाऊ नाशिकला, परदेशी लाल वाईन मागवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे चाखणारा म्हणून होता. जिथे पणजोबांनी लावलेल्या वेली पणतू राखतात, अशा पुरातन मळ्यांच्या वाईनची पारख हे त्याचे काम. घोट तोंडात घोळवायचा, जोखायचा आणि थुंकून टाकायचा. त्या व्यवसायाविषयी मी कधी चांगले बोललो नाही, पण त्यातली एकाग्रता मला जपासारखी वाटे. नाकामागच्या गाठीवर किरणोपचार घेण्यासाठी तो सुरतेला माझ्याकडे आला. उपचार संपले, गंध आणि चव दोन्ही गेली. परत येतील, असे डॉक्टर म्हणत. केव्हा, ते सांगत नसत.

त्याच दुपारी त्याने पिशवीतून तीन बाटल्या काढल्या. गुजरातेत दारूबंदी, पण परराज्यातल्या माणसाला मिळतो तो परवाना त्याने रीतसर काढला होता.

"दोन जुन्या मळ्यांच्या, मुरलेल्या, एक साधी, कालपरवाची. शेठना आज कळवायचंय, कामावर येतो की नाही ते. नाहीतर ते दुसरा माणूस नेमतील. तू ओत, कुठली कशात ते सांगू नकोस."

मी देवघराचे दार लोटले.

"का रे? तुझ्या देवाला द्राक्षं चालतात, रस तेवढा चालत नाही?"

"मलाच चालत नाही. तू बैस."

मुरलेल्या वाईनचा रंग विटकरी होतो, रंगावरून ओळखता येते, म्हणून त्याने माझे उपरणे डोळ्यांवर बांधून घेतले. मी तीन पेले भरले आणि थुंकण्यासाठी पितळी तस्त पुढे ठेवले. खालच्या मजल्यावरच्या यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. त्याच्या हनुवटीखालची भाजून काळी पडलेली कातडी हलताना दिसत होती.

मी आयुष्यात मद्याला स्पर्श केलेला नाही. तरीही ओततानाच मला भेद कळला होता. दोन पेल्यांतून सुकलेल्या मनुकांचा, ओल्या मातीचा, पेटीत बंद राहिलेल्या चंदनाचा गंभीर गंध येत होता. तिसऱ्यातून नुसता आंबूस, जांभळासारखा उग्र वास.

त्याने पहिला घोट घेतला, थुंकला. दुसरा घेतला, थुंकला. तिसऱ्याला फार वेळ लावला. मग त्याचा चेहरा उजळला.

"ही! ही जुन्या वेलींची. मुळं कुठवर गेलीत बघ, दादा. खडकातलं पाणी आहे हे."

तो साधीचा पेला होता.

'हो' म्हटले असते तर तो आनंदाने नाशिकला गेला असता आणि पहिल्याच दिवशी चार परक्या माणसांसमोर उघडा पडला असता. मी पेला त्याच्या हातातून काढून घेतला.

"दादा?"

"नाही रे, बाळा."

"मग दुसरी?"

"दुसरी जुनी. पहिलीही."

त्याने उपरणे सोडले नाही. तसाच बसून म्हणाला, "मळा आठवला, त्यावरून बोललो. जिभेवर नुसतं पाणी होतं. तिन्हींत पाणी."

मग उपरणे उतरवून, नीट घडी घालून त्याने माझ्या हाती दिले आणि फोन लावला. "शेठ, दुसरा माणूस बघा. नाही, नाही, तब्येत ठीक आहे." पलीकडून बराच वेळ काही सांत्वनाचे बोलले जात असावे, तो "हो, हो" म्हणत राहिला.

फोन ठेवल्यावर तो बाटल्यांना बुचे बसवू लागला. एक बूच फुगले होते, आत जाईना. मी बाटली धरायला गेलो.

"राहू दे उघडीच. मला काय फरक पडतो?"

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. सायंकाळी मी दार उघडून देवापुढे कापूर लावला, तरी तो मनुकांचा आणि चंदनाचा गंध जाईना. दोन्ही खोल्या त्याने भरून गेल्या होत्या, आणि तो घेणारा घरात मी एकटाच होतो.