दातमास्तरांचा नवा फोन

पोटात दुखायला लागलं की लोक डॉक्टरकडे जातात. आमचे दातमास्तर मोबाइलच्या दुकानात गेले. आणि गेले ते दहा-बारा वर्षांची सवय मोडून, चांगला चालता अँड्रॉइड देऊन, वापरलेला आयफोन घेऊन आले. कशासाठी, तर पुढच्या दातांसाठी. आता फोनचा आणि दातांचा काय संबंध, हे कळायचं तर आधी मास्तरांचं काम समजून घ्यायला हवं.

मास्तर खोटे दात बनवतात. डॉक्टर खराब दात घासून बारीक करतात, माप घेतात, आणि ते माप ज्या लॅबमध्ये जातं तिथे खिडकीजवळच्या टेबलावर मास्तर गेली सव्वीस वर्षं बसलेले आहेत. मापावरून साचा, साच्यावर कॅप, कॅपवर सिरॅमिकच्या पावडरीचे थर ब्रशने चढवायचे, भट्टीत भाजायचे, घासायचे, पुन्हा भाजायचे. लॅबमध्ये पाच टेबलं. त्यातल्या चारांवर दाढा होतात. दाढेचं काय, चावता आलं की झालं. तिचा रंग बघायला कोण तोंडात डोकावतंय. पुढचा दात मात्र हसताना दिसतो. शेजारच्या खऱ्या दाताशी तो जुळला नाही, तर माणूस तोंडावर हात ठेवून हसायला शिकतो. म्हणून पुढचे दात एकाच माणसाने करायचे असा लॅबचा रिवाज होता, आणि तो माणूस म्हणजे मास्तर. पुढच्या दाताचं माप आलं की मालक स्वतः उठून त्यांच्या टेबलावर आणून ठेवायचे. मास्तर वर न बघता "हं" म्हणायचे. त्या "हं"मध्ये त्यांचा सगळा रुबाब होता.

या माणसाला रस्त्याने जाताना माणसं दिसतच नाहीत, दात दिसतात. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा सगळे त्याच्या नोकरीचं, स्वभावाचं बोलत होते. मास्तरांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठून एवढंच सांगितलं, की वरचा डावीकडचा दुसरा दात खोटा आहे आणि काम काही खास नाही.

आता धाकटी. ती लॅबमध्ये आली तेव्हा सगळ्यांत लहान, म्हणून धाकटी. नंतर तिच्याहून लहान दोघं आले तरी नाव तेच चिकटलं. सहा वर्षांपूर्वी मालकांनी तिला मास्तरांच्या शेजारच्या टेबलावर बसवलं आणि म्हणाले, हिला तयार करा. मास्तरांनी केली. पोरगी शांत, मान खाली घालून काम करणारी, आपण बरं की आपलं काम बरं. मास्तरांना आवडायची. माझ्या हाताखाली तयार झालीय, असं ते चारचौघांत सांगायचे. असं सांगायला बरंच वाटतं माणसाला, जोवर हाताखालचं माणूस हाताखालीच असतं तोवर.

मग डॉक्टरबाई आल्या. लॅबला सगळ्यांत जास्त काम ज्या दवाखान्यातून यायचं, तिथले जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि या बसल्या. मापाबरोबर नुसता रंगाचा नंबर लिहून पाठवणं त्यांना पटेना. त्या पेशंटच्या दातांचे फोटो काढायच्या आणि दात करणाऱ्याच्या फोनवर टाकायच्या. सुरुवातीला ते मास्तरांच्या फोनवर यायचे. मग एके दिवशी धाकटीचा फोन टुंग वाजला. मग रोज वाजायला लागला. दोन महिन्यांत अशी वेळ आली, की पुढच्या दाताचं माप आलं की मालक उठायचे, मास्तरांच्या टेबलापाशी यायचे आणि तिथून पुढे जायचे.

त्या चार पावलांनी मास्तरांच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तोंडातून अवाक्षर नाही हं, तसे मानी. पण टुंग झालं की यांचा ब्रश हवेत थांबायचा. ती जेवायला उठली की हे उगाच काहीतरी शोधत तिच्या टेबलाशी जायचे, तिने केलेला दात उचलून खिडकीच्या उजेडात धरायचे. खोट सापडली की त्या दिवशी जेवण गोड लागायचं. हल्ली बऱ्याच दिवसांत जेवण गोड लागलं नव्हतं. घरी येऊन बायकोपुढे मन मोकळं करायचे, की ती पोरगी डॉक्टरबाईंच्या पुढेपुढे करते, त्यांच्या प्रत्येक फोटोला बदाम पाठवते. बायको म्हणाली, मग तुम्हीही पाठवा. हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं.

शेवटी राहवेना. त्यांनी एक दिवस डॉक्टरबाईंना फोन लावला आणि आडून आडून विषय काढला, की हल्ली आमच्याकडे दाढाच फार येतायत. डॉक्टरबाई घाईत होत्या, त्यांनी सरळच सांगितलं.

"मास्तर, तुमच्या फोनवर फोटो नीट जात नाहीत हो. माझा आयफोन, तिचाही आयफोन. तिला जसाच्या तसा जातो. तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्याचा पार चिखल होतो. म्हणून तिला टाकते."

मास्तरांना काय आनंद झाला म्हणून सांगू. फोन ठेवल्यावर ते दोन मिनिटं नुसते हसत बसले. म्हणजे भानगड फोनची होती तर. सव्वीस वर्षांच्या हाताला कुणी नावं ठेवलेली नव्हती. पोरीचं नशीब, तिच्याकडे योग्य डबडं होतं. उद्या आपल्याकडे तेच डबडं आलं, की संपला विषय. त्या रात्री त्यांना छान झोप लागली आणि रविवारी ते दुकानात हजर झाले.

दुकानातल्या माणसाने जुना आणि नवा फोन शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं आपोआप तिकडे जाईल म्हणाला. आपोआप गेलं ते असं. नंबर दोनदोनदा आले. बायको तर तीनदा आली, एकदा नावाने, एकदा "घर" म्हणून आणि एकदा नुसताच नंबर. जुने निरोप काही आलेच नाहीत. त्यात जुन्या डॉक्टरांनी कधीतरी लिहिलेलं एक वाक्य होतं, की मास्तर, पेशंट आरशासमोरून हलायला तयार नाही. मास्तर ते मधूनच काढून वाचायचे. तेही गेलं. शिवाय या फोनला मागे जायचं बटण नाही. अंगठा सवयीने जुन्या जागी जायचा आणि तिथे काहीच नसायचं. गजराचा आवाज परका, अक्षरांचा कीबोर्ड परका. बायको रोज विचारायची, चांगल्या फोनला काय धाड भरली होती? कामाला लागतो, एवढंच मास्तर सांगायचे.

यातला सगळ्यांत कडू घोट पुढेच होता. डॉक्टरबाईंचे फोटो यायला त्या फोनमध्ये काहीतरी चालू करावं लागायचं, आणि ते लॅबमध्ये एकट्या धाकटीलाच माहीत. तिने स्टूल ओढलं, मास्तरांच्या शेजारी बसली आणि दहा मिनिटांत सगळं लावून दिलं. वर म्हणाली, बरं झालं मास्तर, आता तुम्हालाही फोटो नीट दिसतील. मास्तरांनी या वाक्यात खोचकपणा हुडकायचा खूप प्रयत्न केला. औषधालासुद्धा सापडला नाही. त्याने ते जास्तच चिडले.

फोटो यायला लागले, अगदी स्वच्छ. तिचा फोन टुंग वाजला की लगोलग यांचाही वाजायचा. पण माप? माप मास्तरांच्या टेबलावरून पुढेच जायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी मनाची समजूत घातली, की डॉक्टरबाईंना अजून सवय नाही. दुसऱ्या आठवड्यात, की मालकांच्या लक्षात राहिलं नसेल. तिसऱ्या आठवड्यात समजुती संपल्या. मास्तर उठले आणि मालकांना सगळ्यांच्या देखत म्हणाले, की आता माझ्याकडेही तोच फोन आहे, पुढचे दात पूर्वीसारखे माझ्याकडे यावेत.

मालक पडले भिडस्त. त्यांना मास्तरांनाही दुखवायचं नव्हतं आणि पोरीलाही. शाळेतल्या एका बाईंचा पुढचा दात तुटला होता, त्याचं माप त्या दिवशीच आलं होतं. मालकांनी तोडगा काढला, की दोघांनीही करा. डॉक्टरबाई दोन्ही दात तोंडात लावून बघतील. जो बसेल तो बसेल, आणि यापुढे पुढचे दात त्याचे.

म्हणजे काय पणाला लागलं, ते लॅबमधल्या भिंतींनाही कळलं. तीन दिवस मास्तर जागचे हलले नाहीत. फोटो टेबलावर उभा करून, दोन बोटांनी मोठा करून करून बघत होते. शाळेच्या बाईंचा शेजारचा खरा दात तसा अवघड होता. मुळाशी पिवळसर, मध्ये दुधी आणि खालच्या कडेला काचेसारखा निळसर. मास्तरांनी त्यावर जीव टाकला. खोटं कशाला बोलू, दात सुरेख झाला. भट्टीतून काढल्यावर त्यांनी तो तळहातावर घेतला आणि त्यांना वाटलं, झालं आपलं काम. पलीकडे धाकटी मान खाली घालून घासत होती. या खेपेला मास्तर तिच्या टेबलाशी गेले नाहीत. गरजच वाटली नाही.

दोन्ही दात दवाखान्यात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन फोन एकदम वाजले. डॉक्टरबाईंनी दोन फोटो टाकले होते, शाळेच्या बाई दोन्हींत तशाच हसतायत. खाली लिहिलं होतं, पेशंट खुर्चीत आहे, पहिला बसवू की दुसरा? मला दोन्ही चालतील, तुम्ही ठरवा.

मालक आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, मास्तरांचा फोन नाकाजवळ नेला, लांब धरला. मग म्हणाले, "मला काही फरक कळेना. तुमची नजर सगळ्यांत जुनी. तुम्ही सांगाल तो."

आणि फोन मास्तरांच्या हातात परत दिला.

पहिल्या फोटोतला दात मास्तरांचा होता. आपला हात कुणालाही ओळखता येतो. चांगला होता, नीटनेटका होता. बघणाऱ्याने पंचवीस वेळा बघितलं असतं तरी नाव ठेवलं नसतं. फक्त तो खोटा दात आहे, हे मास्तरांना ओळखता येत होतं. मग त्यांनी दुसरा फोटो उघडला आणि कोणता दात खोटा, हेच त्यांना क्षणभर सापडेना. मोठा करून बघितला. आणखी मोठा केला. नवा फोन इमानदार, कुठेही काही धूसर होऊ देईना. जुना असता तर दोन्ही दात सारखेच दिसले असते, आणि मास्तरांनी खुशाल पहिला म्हणून सांगितलं असतं, आणि आयुष्यभर स्वतःला खरंही मानलं असतं.

तसं आत्ताही सांगता येत होतं. मालकांना कळत नव्हतं, डॉक्टरबाईंना दोन्ही चालत होते. धाकटी आपल्या टेबलाशी उभी होती, तिचाही फोन तिच्या हातात होता, आणि ती काही बोलणारी नव्हती. मास्तरांना तिचा विलक्षण हेवा वाटला. इतके दिवस त्यांनी तिच्या फोनचा हेवा केला होता. फोन दुकानात जाऊन आणता आला.

"दुसरा," मास्तर म्हणाले.

"म्हणजे तुमचा?"

"नाही. तिचा."

मालकांनी तसं कळवलं आणि जरा अवघडून बाहेर निघून गेले. धाकटी म्हणाली, की मला तर पहिलाच बरा वाटला होता. मास्तरांनी तिला गप्प केलं. म्हणाले, तुलाही दिसतंय आणि मलाही दिसतंय. मग बराच वेळ ते टेबलावरची पावडर बोटाने गोळा करत बसले. विचारू नये असं फार वाटत होतं, पण न विचारता घरी जाणं त्याहून अवघड होतं. शेवटी उठून तिच्या टेबलाशी गेले.

"कडेला काय केलंस?"

तिने सांगितलं. निळसर पावडर शेवटी वरून लावायची नाही, आधीच आत घालायची. मग मागच्या बाजूने दात किंचित खरवडायचा. तोंडात दाताच्या मागे अंधार असतो, तो थोडा पुढे दिसायला हवा. ब्रश किती ओला, भट्टी किती गरम, पहिल्यांदा काय चुकलं, दुसऱ्यांदा काय चुकलं, सगळं सांगितलं. मग एक मोडका दात घेऊन करूनही दाखवलं, आणि म्हणाली, आता तुम्ही करून बघा मास्तर, मी इथेच आहे.

मास्तर तिच्या हाताकडे बघत उभे होते. गेली सहा वर्षं कडेचं काम आलं की ते तिला साचे धुवायला पाठवत, किंवा तिला दिसू नये म्हणून आपली पाठ मध्ये घालत.