बोटांच्या मधली जागा

हाताची बोटं फाकवून समोरच्याच्या नाकापुढे धरायची आणि विचारायचं, "इथे काय होतं?" इकडे हिंदी मुलखात, हरिशंकरपुरममधल्या आमच्या गल्लीत, शेजारच्या प्रोफेसरसाहेबांच्या या प्रश्नातून कोणी सुटलं नव्हतं. भाजीवालाही नाही. उत्तर साहेब स्वतःच द्यायचे. "आईच्या पोटात असताना इथे कातडी होती. तिच्या पेशी वेळेवर मेल्या, म्हणून बोटं सुटी झाली. मरणं हेसुद्धा पेशीचं काम आहे, बरं का. बैठिये, सांगतो."

बसलं की चहा निवायचा, बोलणं संपायचं नाही. तुम्हालाही असा एखादा शेजारी भेटला असेल.

पण त्यांच्या घरात हे मरण वेळेआधी आलं होतं. एकुलती एक मुलगी रेवा, तिच्या डोळ्यांच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत होत्या. पेशीला मरायचा हुकूम देणारं एक प्रथिन असतं. ते ज्या जनुकावरून बनतं, त्यात साहेबांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत असा बदल केला, की हुकूम निघूच नये. औषध बनवायला एक कंपनी तयार होती, पण पेटंट मिळालं तरच. आधी जाहीर झालेल्या शोधाला पेटंट मिळत नाही, तेव्हा अर्ज जाईपर्यंत कुठे बोलू नका, असं वकिलाने बजावलं होतं. साहेबांनी तोंडाला कुलूप लावलं. भाजीवाला सुखावला.

गणेशोत्सवात आमच्या मराठी मंडळात त्यांचं व्याख्यान होतं. विषय साधाच, त्यांचा नेहमीचा, बोटांच्या मधल्या जागेचा. शेवटी एका काकूंनी विचारलं, "मग आपल्या रेवाचे डोळे होतील का हो बरे?" रेवा पुढच्याच रांगेत बसली होती. बाप काय करणार? "होतील," म्हणाले, आणि खडू घेऊन जनुकात कुठे काय बदललं ते सगळं फळ्यावर मांडलं. आम्ही डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. मंडळाने नेहमीप्रमाणे व्हिडिओ नेटवर टाकला.

अर्ज फेटाळला गेला. शोध आधीच जाहीर झालेला, आणि पुरावा तोच व्हिडिओ. "अहो, मी आपल्या माणसांत बोललो," साहेब मला पुन्हा पुन्हा म्हणायचे, "ते जाहीर कसं झालं?" कंपनीने फोन उचलणं बंद केलं. मला त्या कायद्याचा आजही राग येतो. नंतर साहेबांनी कोणापुढे बोटं फाकवली नाहीत. पुढच्या थंडीत गेले.

परवा रेवाकडे गेलो. तिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. मोबाईलवर तोच व्हिडिओ लावलेला होता. साहेब बोलता बोलता थांबले, तशी ती म्हणाली, "काका, आता हात वर केलाय ना बाबांनी? बताओ ना."

"हो," मी म्हणालो.

तिने स्वतःची बोटं फाकवली आणि दुसऱ्या हाताने मधली जागा चाचपू लागली.