खाऱ्या पाण्यातलं फायब्रिन

डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनमध्ये बोअरचं पाणी मीच भरलं होतं. मला ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. भरलं आणि विसरून गेलो. इथपर्यंतची चूक कोणाच्याही हातून झाली असती. त्यानंतर मी जे केलं, ते मात्र फक्त माझं आहे.

माझं गाव खारपाणपट्ट्यातलं. आमच्याकडे विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. गोड्या पाण्याचा नळ दिवसाआड, कधी चार दिवसांनी यायचा आणि त्याची धार सुरू झाली की घरातलं रिकामं भांडं म्हणून शिल्लक राहायचं नाही. कढया, परातीच काय, बाळंतिणीचं घंगाळसुद्धा भरून ठेवायचं. धार चालू आहे आणि शेजारी भांडं रिकामं पडलंय, हे मला आजही बघवत नाही. अमरावतीच्या आमच्या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी असतं, तरी मी बादल्या भरून ठेवतो. बायको हसते. "दुष्काळ पडून राहिला काय?" म्हणते.

मी अकोल्याच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवतो. सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडायची, संध्याकाळी परत. कॉलेज गावाबाहेर आहे आणि तिथल्या बोअरचं पाणी आमच्या गावच्या विहिरीसारखंच खारं. काचेची भांडी आधी त्या पाण्याने धुवायची, मग डिस्टिल्ड पाण्याने विसळायची, अशी पद्धत. त्या शुक्रवारी मोटर सुरू झाली तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटाच होतो. नळाची धार मोकळी वाहत होती आणि सिंकखाली पांढरा कॅन रिकामा दिसला. हात आपोआप गेला. कॅन भरला, झाकण लावलं, जागेवर ठेवला आणि गाडी गाठायला निघालो.

माझ्याकडे तेव्हा एक मुलगी पीएच.डी. करत होती. अंजनगाव सुर्जीकडची. वडिलांचा पानमळा, आणि त्यातच पानपिंपळीचे, म्हणजे औषधी पिंपळीचे वेल. तिचा विषय होता फायब्रिन. आपल्या रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. जखम झाली की थ्रोम्बिन नावाचं एन्झाइम त्याचे टोकाजवळचे छोटे तुकडे कापतं. कापलेले रेणू एकमेकांना धरतात, त्यांचे धागे होतात, धाग्यांच्या दोऱ्या होतात, आणि त्या जाळ्यात रक्त अडकून थांबतं. हे जाळं म्हणजे फायब्रिन. परीक्षानळीत ते करून पाहता येतं. दोऱ्या जाड झाल्या तर गुठळी दुधासारखी पांढरी दिसते. बारीक राहिल्या तर ती काचेसारखी पारदर्शक असते, नळी तिरपी केली तरच कळतं की आत काही गोठलंय. पिंपळीच्या अर्काने हे धागे बारीक होतात का, हे तिला पाहायचं होतं. घरच्या पिकावर काम करायला मिळतंय म्हणून ती फार खुशीत होती.

पहिल्या खेपेला अर्क घातलेल्या नळ्या बऱ्याच स्वच्छ निघाल्या, आणि अर्क न घातलेल्या, ज्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो, त्या छान पांढऱ्या. तिने पेढे आणले. मीही दोन खाल्ले, डॉक्टरांनी नको सांगितलेलं असताना. मग ज्या द्रावणात हे सगळं मिसळायचं ते संपलं, तिने कॅनमधल्या पाण्यात नवीन केलं, आणि सगळं बिघडलं. आता कंट्रोलही स्वच्छ. काहीच न घालता स्वच्छ. तिने पुन्हा केलं, पुन्हा तेच. थ्रोम्बिन बदलून पाहिलं. फायब्रिनोजेनची नवी बाटली उघडली, आणि ती पूड काही स्वस्त येत नाही. तरीही तेच.

मी वैतागलो होतो. एका दुपारी सगळे होते, तिच्याबरोबरच्या दोन मुली, प्रयोगशाळेचे परिचर काका. मी तिची नळी उजेडात धरली आणि म्हणालो, "अर्क सगळीकडे लागलेला दिसतोय. घरची पिंपळी घरीच ठेवून येत जा बाई. हातावर घेऊन नको येत जाऊ."

मुली हसल्या. काकाही हसले. तीही हसली, मग हात मागे घेतले.

त्याच आठवड्यात नळ आला नाही आणि पिण्याचं पाणी संपलं. काका म्हणाले, "सर, डिस्टिल्डचाच चहा टाकतो. सगळ्यात शुद्ध." शेजारच्या खोलीत शेगडीवर आधण ठेवलं. दूध घातलं तसं फाटलं. गाळून आम्ही तो तसाच प्यायलो. पहिल्या घोटालाच माझ्या लक्षात आलं. ती चव मी लहानपणापासून ओळखतो. पाहुण्यांना आमच्या घरचा चहा का आवडत नाही, हे मला त्या चवीवरून कळलं होतं. आणि चवीपाठोपाठ बाकीचंही आठवलं: शुक्रवार, मोटर, पांढरा कॅन. मीठ वाढलं की फायब्रिनचे धागे जाड होत नाहीत, बारीकच राहतात, हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो.

"दूध नासलं वाटते," ती म्हणाली. तिच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याचं गोडं पाणी, तिला ही चव माहीत असण्याचं कारण नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "दूधच नासलं असेल."

ही माझी पुढची चूक, आणि मला जास्त लागलेली. सगळे गेल्यावर मी कॅन ओतून दिला, विसळला, नवीन डिस्टिल्ड पाणी भरलं. तिला एवढंच म्हटलं, "द्रावण ताजं कर. उगाच जुनं वापरू नको."

तिने केलं. कंट्रोल दुधासारखे पांढरे आले. ती नळ्यांची रांग घेऊन माझ्या टेबलापाशी आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. मला खरंच आनंद झाला, तो खोटा नव्हता. काम पुढे सरकलं. अर्काचा परिणाम पहिल्याइतका मोठा नव्हता, पण होता, दर वेळी होता. हिवाळा चांगला गेला. दुपारी प्रयोगशाळेत ऊन यायचं, मुली डबे उघडायच्या, कोणाच्या तरी डब्यात भरीत असायचं आणि माझ्यासाठी वाटी बाजूला काढलेली असायची. मी स्वतःला समजावलं की झालं ते झालं, आता सांगून काय होणार.

बायकोला मात्र सांगून बसलो. ती भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "तिले सांगितलं काय?"

"काम तर नीट चालू आहे तिचं."

"म्या कामाचं नाही विचारलं," ती म्हणाली.

मग एक दिवस मुलीचे वडील आले. अकोल्यात काही काम होतं, म्हणून पोरीकडे डोकावले. पांढरा सदरा, हातात ओल्या फडक्यात बांधलेली पानं, माझ्यासाठी. मुली, काका, सगळे तिथेच होते. ती नळ्या धूत होती. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि जरा घुटमळत म्हणाले, "सर, एक विचारू काय? रागावू नका."

"विचारा न भाऊ."

"पिंपळीची तोडणी चालू हाये. मानसं भेटत नाहीत. दर साली ही येते, हिचा हात लय चालते. औंदा दिवाळीपासून मळ्यात पायच नाही टाकला. घरी आली तं उंबऱ्यातूनच बोलते, मायच्या हातचं काही घेत नाही, अन् लगेच गाडी धरते. माय म्हंते, पोरीले आता आपली लाज वाटून राहिली." त्यांनी पानांची गाठ उगाच घट्ट केली. "म्या म्हनलं, तसं नसंन. शिक्षणाचंच काही असंन. पिंपळीले हात लावला तं तुमचं काम खराब होते काय?"

"बाबा, चला न तुमी," ती सिंकपाशी पाठमोरीच म्हणाली. "मी सांगितलं न तुमाले. हाताले वास राह्यते. महिनाभर जात नाही."

म्हणजे तिने माझं बोलणं विनोद म्हणून घेतलंच नव्हतं. नळ्या पांढऱ्या आल्या, त्या आपण घरापासून लांब राहिलो म्हणून आल्या, असंच ती धरून चालली होती. माझ्या एका टोमण्यावर तिने पिंपळी तोडणाऱ्या आईचा हात सोडला होता, आणि तिच्या प्रयोगाने ते खरं ठरवून दिलं होतं, कारण पाणी मी गुपचूप बदललं होतं.

मला वाटलं होतं, कधी सांगायची वेळ आलीच तर तिला बाजूला बोलावून सांगेन. पण टोमणा मी सगळ्यांसमोर मारला होता.

"भाऊ, तसं काही होत नाही," मी म्हणालो. "हात साबणाने धुतले, हातमोजे घातले की झालं. तिचा हात कधीच खराब नव्हता."

ती वळली. हातातून पाणी ठिबकत होतं.

"सर, मग कंट्रोल काहून बिघडले होते?"

"कॅनमध्ये बोअरचं पाणी होतं. मी भरलं होतं. मोटर चालू होती, कॅन रिकामा दिसला, भरून ठेवला."

काका म्हणाले, "म्हंजे त्या दिवशीचा चहा?"

"हो. दूध नासलं नव्हतं."

तिच्या डोक्यात हिशोब चाललेला दिसत होता, मीठ, धागे, द्रावण, तारखा. "तुमाले चहा पिताना समजलं?"

"तेव्हाच समजलं."

"अन् पाणी बदललं तुमी?"

"तू गेल्यावर."

वडील दोघांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांना फायब्रिन कळलं नव्हतं, पण बाकीचं कळलं होतं. मी उठून उभा राहिलो. मास्तरने विद्यार्थिनीपुढे उभं राहायची आमच्याकडे रीत नाही, पण बसून ते बोलता आलं नसतं.

"चूक माझी होती आणि दोष मी तुझ्या हाताला दिला," मी म्हणालो. "तुझ्या घरच्या पिकावरून, सगळ्यांसमोर. आणि खरं कळल्यावरही मी ते लपवलं, म्हणून तू घरापासून लांब राहिलीस. या सगळ्यांसमोर तुझी माफी मागतो. भाऊ, तुमची, आणि हिच्या आईची पण. मला माफ करा."